खुर्चीतून हात न टेकता

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, नेहरू पार्कच्या फेऱ्या तुम्ही चुकवत नाही, उत्तमच. पण ‘रोज चालतो, आणखी काय पाहिजे?’ याचं उत्तर फोनवर देऊन भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, शिवाय 2 दिवस ताकदीचा आणि 3 दिवस तोल सांभाळण्याचा. तुमचं पहिलं होतंय, पुढची दोन्ही राहताहेत. आई, तुझंही तेच. ओट्याशी तासभर उभं राहून पाय दुखतात, बळकट होत नाहीत.

ताकदीसाठी जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, सोफा नको, तो फार खोल. बैठक जमिनीपासून साधारण 17 इंच हवी. खुर्ची भिंतीला टेकवा, म्हणजे मागे सरकणार नाही. पुढच्या अर्ध्या भागात बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर. नाक पावलांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. पावलं पुढे राहिली की वजन मागेच राहतं आणि माणूस धपकन परत बसतो. खरा व्यायाम बसताना होतो, तेव्हा मनात चार म्हणत सावकाश खाली या. गुडघे आत वळू देऊ नका. श्वास रोखला की रक्तदाब चढतो, म्हणून उठताना मोठ्याने आकडे मोजा. 8 वेळा, मग दोन मिनिटं दम, पुन्हा 8 वेळा. एक दिवसाआड. बाबा, गुडघा कुरकुरला तर बैठकीवर घट्ट चादरीची घडी घाला. उंची वाढली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं.

तोलासाठी ओटाच बरा. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून 10 सेकंद उभं राहायचं, मग पाय बदलायचे. आधाराला ओट्यावर एक बोट पुरे. शेजारी कुणीतरी हवंच, म्हणून दोघांनी मिळून करा.

रात्री बाथरूमला जाताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, घोटे हलवा, दिवा लावा, मगच उभे राहा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठल्या उठल्या दाब उतरतो. एकदा मशीनवर तपासा: 5 मिनिटं शांत पडून एक नोंद, उभं राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी आणखी दोन. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी बंद करायची नाही, बाबा!

खाण्याचं थोडक्यात. वजनाच्या किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 60 किलोला 60 ते 72 ग्रॅम. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सकाळच्या पोह्यांत प्रथिनं फारच थोडी, म्हणून सोबत पेलाभर दूध (250 मिलीत साधारण 8 ग्रॅम) किंवा वाटीभर मोड आलेले मूग. रात्रीचं वरण पातळ करून पुरवू नका, माणशी 30 ग्रॅम कोरडी डाळ धरा, त्यात 7 ग्रॅमच्या आसपास मिळतात. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर. त्यात शेव आणि जीरावणही (पोह्यांवरचा मसाला) धरायचं. इंदुरात राहून शेव सोडा म्हणण्याइतकी मी दुष्ट नाही, पण पोह्यांवर चिमूटभर, वाटीभर नाही.

खुर्चीची उंची मोजून व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. 16 इंचांच्या खाली असेल तर वेगळं काही सुचवते.

तुमची लेक