दुकानवाले पंचवीस, वहीवाले पस्तीस

भोपाळ,
रविवार

प्रिय पक्या,

आधी शिव्या देऊन घे. दिवाळीपासून मी तुला नुसते अंगठे पाठवतोय, हे मलाही कळतं. फोन करणार होतो, पण दुकानात तुझ्याशी बोलायचं म्हणजे दोन गिऱ्हाइकांच्या मधे जे उरेल तेवढंच. आणि हे सलग सांगायचंय. तब्येत बरी आहे. मध्ये टायफॉइड होऊन गेला, घरी माहीत नाही.

तर झालं असं. सध्या आमची बी.एड.ची आंतरवासिता चालू आहे, म्हणजे रोज एका सरकारी शाळेत जाऊन शिकवायचं. माझ्याकडे सातवी-आठवीचं विज्ञान. त्या दिवशी तिसरीच्या मॅडम आल्या नव्हत्या, म्हणून मला तिकडे ढकललं, ‘बस, शांत बिठा के रखो’ म्हणून. मी फळ्यावर वजाबाक्या दिल्या. एका पोरीच्या वहीत सगळी उत्तरं चूक. पण पक्या, सगळी एकाच चालीनं चूक! 52 वजा 27, तिनं लिहिलं 35. 63 वजा 48, लिहिलं 25. वरचा आकडा कुठला, खालचा कुठला, हे ती बघतच नव्हती. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचा, संपलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मी मनात म्हटलं, असं असेल तर 81 वजा 36 ला ही 55 लिहिणार. दिलं. तिनं 55 लिहिलं! बॅट्समन कुठे उचलणार ते ओळखून तिथे फील्डर उभा करावा आणि बॉल नेमका त्याच्याच हातात यावा, तसं झालं मला. एकटाच हसायला लागलो. पोरं घाबरली.

मग तिला विचारलं, तुझ्याकडे बावन्न रुपये आहेत, सत्तावीसचं सामान घेतलं, किती उरले? तिच्या बापाची अंडाभुर्जीची गाडी आहे. ‘पच्चीस.’ श्वाससुद्धा घेतला नाही. मी वहीतल्या 35 वर बोट ठेवलं, मग हे काय? तिनं माझ्याकडे असं बघितलं की बिचाऱ्या सरांना एवढंही कळत नाही. ‘सर, वो दुकान वाला है, ये कॉपी वाला है.’

आता सांग, मला कोण आठवणार? तिसरीत गुरुजींनी तुझी वही अख्ख्या वर्गात फिरवली होती, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्याच बायकोला तू दुकानात तेल-साखरेचे सुटे पैसे मोजून दिलेस, काकांनी मान वरही केली नाही. मी तिथेच बरणीतल्या गोळ्या बघत उभा होतो. त्यानंतर गणिताच्या तासाला रोज तुझं पोट दुखायचं. ती वही आता कुठून मिळणार, रद्दीत तुमच्याच दुकानात पुड्या बांधायला गेली असेल, पण पैज लावतो, तिच्यातही मोठ्यातून लहानच काढलेला असणार.

याच्यावर आम्हाला अभ्यासात एक संशोधन होतं, 1985 साली छापलेलं. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळबिरळ विकणारी 5 मुलं. गाडीपाशी गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले तर 98 टक्के बरोबर, तशीच आकडेमोड कागदावर दिली तर 37 टक्के. परीक्षेत हे टक्के मी खडाखड लिहून आलो होतो. ब्राझीलपर्यंत जायची गरजच नव्हती, तुमच्या काउंटरवर बसलो असतो तरी चाललं असतं.

आता मुख्य रडगाणं. तू अजून लोकांना सांगतोस की मी डी.एड.ला आहे. शेवटचं सांगतो: बी.एस्सी. बी.एड., चार वर्षं, दोन्ही एकत्र. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स आहेच, वर बालमानसशास्त्र, मूल्यमापन, शिक्षणाचं तत्त्वज्ञान. 1963 साली केंद्रानं अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरला आमच्यासारखे शिक्षक घडवणाऱ्या संस्था काढल्या, महाराष्ट्रातल्या पोरांच्या वाट्याला भोपाळ. आई शेजारीपाजारी नुसतं ‘बी.एस्सी. करतोय’ सांगते, बी.एड. गिळून टाकते. आणि तू भुसावळच्या फलाटावर चारचौघांत म्हणाला होतास, ‘एवढे मार्क पाडून मास्तरच व्हायचं होतं तर अभ्यास कशाला केलास?’ ते मी विसरलेलो नाही. मी वजनकाट्यावरून जे बोललो ते तूही विसरलेला नाहीस. फिटंफाट.

बरं, शिकवायलाही इथे एकदम सोडत नाहीत. सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार असतो. 6 मिनिटं शिकवायचं, 6 मिनिटं बोलणी खायची, 12 मिनिटं पुन्हा आखणी, पुन्हा 6 मिनिटं शिकवायचं, पुन्हा 6 मिनिटं बोलणी. असं 36 मिनिटांचं चक्र. समोर विद्यार्थी म्हणून आमचीच टगी पोरं, पाचवीतली असल्याचं नाटक करत बसलेली. एकानं मला ‘सर, शू लागली’ म्हणून तीनदा उठून हैराण केलं, आणि नंतर अभिप्रायात लिहिलं, वर्गनियंत्रण सुधारावे. तुझी आठवण येत होती. तू असतास तर खिडकीतून पळालाच असतास.

तर गोची अशी आहे की मला आता लहान पोरांनाच शिकवायचंय. तिसरी-चौथी. आणि माझी पदवी तिथे चालतच नाही! 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, पहिली ते पाचवीला बी.एड. पात्र नाही, त्यासाठी प्राथमिकच्या शिक्षकांचंच प्रशिक्षण, म्हणजे डी.एड.सारखं, पाहिजे. निकाल बरोबर आहे रे, तेच तर दुखणं आहे. आठवीला घनता शिकवता येणं वेगळं आणि त्या पोरीचं 55 कुठून आलं ते हुडकणं वेगळं. दिल्ली विद्यापीठात 1994 साली खास लहान मुलांना शिकवण्यासाठी बी.एल.एड. म्हणून चार वर्षांची पदवी सुरू झाली होती, पण बारावीला आपल्याकडे हे कोणाच्या कानावर होतं?

म्हणजे आता मी चार वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं डी.एड. करायचं, जे बारावीवर होतं. तुझं म्हणणं खरं करायचं! मग टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसायचं. लागलीच नोकरी तर तीन वर्षं नुसत्या मानधनावर शिक्षणसेवक. प्राथमिकला महिना 16,000, माध्यमिकला 18,000. दोन वर्षं जास्त शिकायचं आणि दोन हजार कमी घ्यायचे. तूच सांग, असा सौदा दुकानात कोणी करेल?

बाबांना अजून बोललेलो नाही. ते म्हणतील, एम.एस्सी. कर, नाहीतर रेल्वेचा फॉर्म भर. एकदा चहा पिताना आमच्या सरांजवळ विषय काढला तर ते म्हणाले, सहावीला येतील तेव्हा दुरुस्त कर ना. मलाही वाटलं, बरोबर आहे, एका पोरीच्या 55 वर कोणी दोन वर्षं लावतं का? आणि लगेच आठवीच्या तासाला काय व्हावं? मोजपात्रात दगड बुडवून आकारमान काढत होतो. पाणी 48 वरून 63 वर गेलं. मागच्या बाकावरच्या दोघांनी लिहिलं, 25 मिलीलिटर. पात्र समोर, रेघा समोर, दगड समोर! आमच्या निरीक्षक मॅडमनी शेरा दिला, विज्ञानाची संकल्पना स्पष्ट नाही. विज्ञानाचा काय संबंध? ते तिसरीतून तसेच वर आलेत, पाच वर्षं कोणी विचारलंच नाही. असं दिसायला लागल्यापासून माझं आठवीत मन लागत नाही.

अर्ज भरायला अजून वेळ आहे. रोज रात्री एकदा भरतो आणि सकाळी रद्द करतो, मनातल्या मनात.

तुझं काय? ताईचं ठरलं ते कळलं, तारीख कळव, परीक्षा नसली तर आदल्या दिवशीच येतो. काकांचा गुडघा कसा आहे? समोर मोठं दुकान झालंय म्हणे, त्याचा फरक पडला का? भरताच्या वांग्यांचे दिवस आहेत आणि मी इथे मेसची भेंडी खातोय, यावर काही बोलू नकोस.

एक काम कर पण. सत्तावीसच्या सामानाला गिऱ्हाईक मुद्दाम बावन्न देतं, तेव्हा तू डोक्यात नक्की काय करतोस? बावन्नातून काढतोस, की सत्तावीसवरून मोजत वर जातोस? तीस, पन्नास, बावन्न, असं? की आधी दोन बाजूला टाकतोस? ‘येतं आपोआप’ असं लिहू नकोस, एखाद्या गिऱ्हाइकाच्या वेळी स्वतःकडे नीट बघ आणि लगेच कळव. त्या मॅडम आणखी काही दिवस रजेवर आहेत, तेवढ्यात मला ते पोरांवर करून बघायचंय.

तुझा,
नित्या

ता.क. आई दुकानात आली तर बी.एड.चा विषय काढू नकोस. डी.एड.चा तर मुळीच नाही. टायफॉइडचाही नाही. नुसती साखर दे.