डिझेलचे पैसे देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

तुमचं नाव कुठं येऊ द्यायचं नाही, ही तुमची अट पाळूनच हे पत्र चारचौघांत लिहितेय. लिहायचं कारण म्हणजे तुम्ही ज्यासाठी पैसे दिलेत, त्यासाठी आजवर कुणी दिले नव्हते.

लग्नाकार्यात उरलेलं अन्न भुकेल्यांपर्यंत पोचवायला आम्ही मदत मागायला जायचो तेव्हा लोक मनापासून म्हणायचे, "आमच्या नावानं एक दिवस अन्नदान घाला." पण अन्नाची आम्हाला कधी वानवा नव्हतीच. लग्नसराईत रात्री साडेदहाला कार्यालयातून फोन यायचा, "शंभरभर माणसांचं उरलंय, येताय काय?" आणि आमच्याकडं गाडी नसायची. एका रात्री भाड्याचा टेम्पो मिळाला नाही. सकाळी पोचलो तोवर मसालेभात आंबला होता. आचाऱ्यानं पातेलं घंटागाडीत रिकामं केलं आणि कितीतरी वेळ तिथंच उभा राहिला. रात्रभर राबून त्यानं तो शिजवला होता.

तुमच्याकडं आलो तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातला आकडा सांगायला लागले होते, की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. तुम्ही मला थांबवलंत. म्हणालात, "जगाचं राहू दे. आपल्या हितं टाकायची पाळी कशानं येतीया, तेवढं सांगा." मग कॅलेंडरच्या पाठीमागं तुम्हीच यादी केलीत. वर्षाचं डिझेल, ड्रायव्हरचा पगार, झाकणाचे स्टीलचे डबे, गरम राहणाऱ्या चार मोठ्या पेट्या, एक डीप फ्रीज. थर्मामीटर मी भीत भीत सांगितला, तर तुम्ही दोन लिहिलेत.

काका, त्या थर्मामीटरचं मोल मोठं आहे. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे, नाहीतर त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. पूर्वी आम्ही वास घेऊन ठरवायचो, आणि विषबाधा करणारे जंतू वासावरून कळतातच असं नाही. आता मापल्याशिवाय डबा गाडीत चढत नाही. पांढरा रस्सा तर नारळाच्या दुधाचा, लवकर नासणारा. तो कोमट झालेला असला तर हात जोडून नको म्हणतो. भुकेल्या माणसाला काहीही चालतं, हे मला मान्य नाही. प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव, कुठून आला, कधी शिजवला, शाकाहारी की मांसाहारी, अशी चिठ्ठी असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियमही तेच सांगतात.

आता गाडी आधी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात जाते. तिथं गावाकडनं आलेले पेशंटचे नातेवाईक व्हरांड्यात पथारी टाकून असतात. उरलं तर ऊसतोडीच्या खोपटांवर. हंगाम आणि लग्नसराई एकत्रच येतात, त्यामुळं थंडीत तिथली फेरी सहसा चुकत नाही. पहाटे फडात जायच्या आधी पोरांच्या पोटात काहीतरी असतं.

परवा त्याच आचाऱ्याचा फोन आला. आता तो पंगती उठायची वाट बघत नाही. जादा होणार असं वाटलं की पातेल्याला हात लागण्याआधीच भात झाकून बाजूला काढतो आणि आम्हाला कळवतो. परवाचा भात ७२ अंश भरला.

हिशेबाची वही आणि डिझेलच्या पावत्या घेऊन रविवारी येते. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
गाडीवरची सगळ्यात जुनी कार्यकर्ती
कोल्हापूर