मंत्रिमहोदय, आकडा देताय तर त्याची हद्दपण द्या

मा. सांख्यिकी मंत्री यांना,

सप्रेम नमस्कार. पत्र जरा लांबलंय, आधीच सांगून ठेवतो.

मी लोकसंख्येचा अभ्यासक वगैरे काही नाही. हौस म्हणून प्रांतांची आणि महानगरांची लोकसंख्या एका भल्यामोठ्या एक्सेल शीटमध्ये भरत बसतो, शहराचं नाव, आकडा, वर्ष, कुठून घेतला, झालं. सुरुवातीला वाटलेलं की हे सोप्पं काम आहे, कोणी विचारलं जगातलं सगळ्यात मोठं शहर कुठलं तर फटकन सांगता येईल. आता तो प्रश्न कोणी विचारला की मी उलट विचारतो, कुठल्या हद्दीने? मग लोक विषय बदलतात.

पण तुम्हाला विषय बदलता येणार नाही, तुमचं खातंच ते आहे.

टोकियोचंच बघा. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या यादीत टोकियो पहिलं होतं, साधारण 3 कोटी 70 लाख. 2025 च्या यादीत जकार्ता पहिलं, जवळपास 4 कोटी 20 लाख, ढाका दुसरं आणि टोकियो घसरून तिसरं, 3 कोटी 30 लाखांच्या आसपास. आता ज्याने फक्त यादी बघितली त्याला वाटणार टोकियोतून चाळीस लाख लोक बॅगा भरून निघून गेले आणि जकार्तात, जिथे आधीच्या यादीत एक कोटीच्या आसपास लोक होते, तिथे सात-आठ वर्षांत तीन कोटी येऊन राहिले! असलं काही झालेलं नाही. आधी प्रत्येक देश स्वतःच्या व्याख्येने शहराची जी हद्द देईल ती घ्यायचे, आता सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली, नकाशाचे एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडायचे, जिथे चौरस किलोमीटरला 1,500 लोक आहेत असे एकमेकांना लागून असलेले चौकोन जोडत जायचं आणि बेरीज 50,000 च्या वर गेली की ते शहर. जकार्ताच्या वेशीबाहेरची दाट वस्तीची गावं त्यामुळे आत आली. माणसं होती तिथेच आहेत, रेघ हलली.

मला ही नवी पद्धत आवडते, खरं सांगायचं तर. कारण जुन्या पद्धतीत डेन्मार्कमध्ये 200 लोकांची वस्ती म्हणजे शहर आणि जपानमध्ये 50,000 लागायचे, त्यांची तुलना करणं म्हणजे वजन आणि उंचीची बेरीज करण्यासारखं. पण पद्धत चांगली असली तरी जुना आकडा आणि नवा आकडा एकाच कॉलममध्ये खाली-वर ठेवला की वाट लागते, आणि बहुतेक याद्यांमध्ये नेमकं तेच होतं.

अजून एक किस्सा, हा माझा आवडता आहे. एप्रिल 2023 मध्ये बातमी आली की मेलबर्नने सिडनीला मागे टाकलं. झालं काय होतं, मेल्टन नावाचा भाग सलग वस्ती म्हणून मेलबर्नच्या हद्दीत धरला आणि त्यामुळे जून 2021 च्या आकड्यात मेलबर्न जेमतेम 18,700 ने पुढे गेलं. गंमत अशी की हा आकडा देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी खात्याचीच दुसरी एक हद्द आहे, बृहत् राजधानी क्षेत्र म्हणून, त्या हिशोबाने सिडनीच पुढे होतं. दोन्ही आकडे बरोबर! खोटं कोणीच बोलत नव्हतं, फक्त मथळ्यात हद्द लिहायला जागा नव्हती.

लंडन म्हणाल तर मूळ गावठाण, म्हणजे सिटी ऑफ लंडन, तिथे 2021 च्या जनगणनेत 8,600 माणसं, आणि ग्रेटर लंडन धरलं तर 88 लाख. उलट टोक बघायचं तर चीनचं चोंगछिंग, 2020 ला 3 कोटी 20 लाख, पण ती 'महापालिका' ऑस्ट्रिया देशाएवढी आहे, त्यात डोंगर, शेतं, खेडी सगळं आलं. तरीही त्याला जगातलं सगळ्यात मोठं शहर म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

तुम्ही म्हणाल की हा हौशी लोकांचा वाद, याने काय फरक पडतो. पडतो ना साहेब. हजार लोकांमागे किती खाटा, लाखामागे किती गुन्हे, किती टक्के मुलांना लस, हे सगळं भागाकार आहे आणि खालचा आकडा तुमच्याकडून येतो. तो कमी धरला गेला की लसीकरण 100 टक्क्यांच्या वर जातं, असे तक्ते निघालेत आणि लोक ते फ्रेम करून लावतात. पैसा पण याच्यावरच वाटला जातो, म्हणून तर भांडणं होतात. नायजेरियाच्या 2006 च्या जनगणनेत लागोस राज्याची संख्या 90 लाखांच्या आसपास निघाली आणि राज्य सरकार म्हणालं आमच्या मोजणीत पावणेदोन कोटी आहेत. हा फरक तळटीप टाकून मिटण्यासारखा नाही, मान्य.

आणि नुसती व्याख्या बदलली तरी केवढा गोंधळ होतो ते अमेरिकेत दिसलं. तिथे महानगर क्षेत्र व्हायला 50,000 चं मूळ शहरी केंद्र लागतं, 2021 च्या जानेवारीत ते एक लाख करायचा प्रस्ताव आला, तर 144 ठिकाणांचा दर्जा एका झटक्यात जाणार होता. ओरड झाली, प्रस्ताव मागे पडला. पण त्याच देशाची एक गोष्ट मात्र तुम्ही उचलावी असं वाटतं. 2020 च्या जनगणनेनंतर त्यांनी स्वतःच फेरतपासणी केली आणि जाहीर केलं की 14 राज्यांत आमची मोजणी चुकलीये, 8 ठिकाणी जास्त, 6 ठिकाणी कमी. स्वतःची चूक स्वतःच छापायची! मला तरी त्या खात्याबद्दलचा विश्वास वाढलाच.

आता माझा अनुभव. एका जिल्ह्याची संख्या एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याने घसरलेली दिसली. संबंधित कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथे फोन केला, चार टेबलं फिरल्यावर कळलं की जिल्ह्याचे दोन तुकडे झालेत. मी म्हटलं जुनी फाईल द्या म्हणजे जुळवून बघतो, तर म्हणाले नवीन आल्यावर जुनी काढून टाकली, गोंधळ नको म्हणून. गोंधळ नको म्हणून! आणि नवीन फाईल म्हणजे काय तर आडवं स्कॅन केलेलं पीडीएफ, त्यात हद्दीचा नकाशा नाही, आकडा मोजलेला की अंदाजाने काढलेला ते नाही, पण आकडा मात्र शेवटच्या माणसापर्यंत दिलेला. अंदाज आणि तो पण एककापर्यंत अचूक, हे बघून मी पंधरा मिनिटं नुसता हसत होतो.

तर मागणं फार मोठं नाहीये. नवीन जनगणना घ्या असं नाही म्हणत, ती कोट्यवधींची गोष्ट आहे. आकड्याशेजारी तारीख, हद्द आणि मोजणी की अंदाज, एवढं लिहा. हद्द बदलली तर जुने आकडे नव्या हद्दीत बसवून एक वेगळी मालिका द्या आणि मूळ मालिका जिथल्या तिथे राहू द्या, कृपा करून ती पुसू नका. प्रत्येक भागाला एक कोड द्या आणि हद्द बदलली की नवा कोड, कारण नावं तीच राहतात आणि आतला भाग बदलतो, आमची सगळी फसगत तिथेच होते. अंदाज असेल तर हजारात द्या, चालेल. आणि फाईल अशी द्या की त्यातला कॉलम उचलता येईल.

त्या जिल्ह्याची जुनी फाईल कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर नक्की पडलेली असणार, खात्यात एकदा विचारून बघाल का? माझ्या शीटमध्ये ती ओळ अजून पिवळी करून ठेवलीये.

आपला,
एक आकडे जमवणारा नागरिक