अंदाज फसला? कुणाच्या अंगणात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात उशिराच्या हिमवादळाची बातमी आली होती, मथळा होता 'अंदाज फसला, पडला फक्त ४ सेंटिमीटर बर्फ'. वाचून आधी हसू आलं आणि मग खरं सांगायचं तर रागच आला, कारण त्या रात्री पट्टी घेऊन बाहेर उभा असलेल्यांत मीही होतो. माझ्याकडे ४ सेंटिमीटरच भरला, त्यात वाद नाही. पण माझ्यापासून सरळ रेषेत जेमतेम सहा किलोमीटरवर, टेकडीवर राहणारा माझा एक मित्र आहे, माझ्यासारखाच हवामानवेडा, त्याच्याकडे त्याच रात्री, त्याच वादळात १९ सेंटिमीटर साचला होता. आता मला सांगा, फसला म्हणजे नेमका कुणाच्या अंगणात फसला?

मूळ अंदाज मी जपून ठेवलाय. त्यात साफ म्हटलं होतं की सखल भागात ३ ते ८ आणि ३०० मीटरच्या वर १२ ते २०. मी १५० मीटरवर आहे, मित्र ३२० वर. दोघंही अंदाजात बसतो! पण आदल्या दिवशी आपल्याच पेपरात मथळा होता '२० सेंटिमीटर बर्फ कोसळणार', म्हणजे सगळ्यात मोठा आकडा उचलला, 'उंचावर' हा शब्द गाळला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात छोटा आकडा उचलून आधीच्या मोठ्याशी ताडून बघितला, की झाला अंदाज फसलेला. यात अंदाज करणाऱ्याची काय चूक?

आता आमच्यासारख्या लोकांबद्दल थोडं, म्हणजे हा माणूस एवढा का चिडलाय ते कळेल. वादळ पाच-सहा दिवस लांब असतं तेव्हापासून आमची झोप उडालेली असते. हवामानाचा अंदाज काढणारी जागतिक संगणकीय मॉडेलं दिवसातून ठराविक वेळी चालतात, अमेरिकन जीएफएस तर दर सहा तासांनी नवीन येतं, मग युरोपियन येतं, मग त्याची एन्सेम्बल, म्हणजे सुरुवातीच्या नोंदींत बारीक बारीक फरक करून तेच मॉडेल पन्नास वेळा चालवून बघायचं आणि पन्नासातली किती उत्तरं बर्फ म्हणतायत ते मोजायचं. सकाळच्या रनमध्ये, म्हणजे मॉडेल सकाळी चालवलं तेव्हा, वादळ ५० किलोमीटर इकडे, संध्याकाळच्या रनमध्ये ८० किलोमीटर तिकडे, आणि आम्ही त्यावर एकमेकांना रात्री दोनला मेसेज टाकतोय. घरचे म्हणतात डोकं फिरलंय, आणि ते काही अगदी चुकीचं नाही.

आणि पाप आमच्याकडूनही होतं, ते कबूल करतो. वीस नकाशे समोर असले की माणूस नेमका सगळ्यात जांभळा, सगळ्यात भरगच्च आकड्याचा नकाशा पुढे ढकलतो, कारण तोच सगळ्यांना बघायचा असतो. त्यातले बरेच फुकटचे नकाशे सरसकट दहास एक धरतात, म्हणजे १ मिलिमीटर पाणी बरोबर १ सेंटिमीटर बर्फ. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण वीसास एकपर्यंतसुद्धा जातं, भुसभुशीत, फुंकर मारली की उडणारा बर्फ. पण हंगाम संपत आल्यावर जो पडतो तो जड, चिकट, पाण्याने गच्च, त्याला पाच, सहा, फार तर आठ. म्हणजे नकाशावर २० दिसतायत तिथे बर्फ मोजायच्या फळीवर दहा-बारा आले तरी वादळ अंदाजाबरहुकूमच झालेलं असतं. हे आम्हाला माहीत असतं आणि तरीही आम्ही जांभळा नकाशाच पाठवतो, काय करणार.

पण खरी गंमत वेगळीच आहे. दुसऱ्या दिवशी मी आणि मित्राने आपापल्या पर्जन्यमापकातला बर्फ वितळवून पाणी मोजलं. माझ्याकडे सगळं मिळून २३ मिलिमीटर, त्याच्याकडे २६. म्हणजे आभाळाने दोघांना जवळपास सारखंच दिलं होतं! माझ्याकडे त्यातला अर्ध्याहून जास्त भाग पाऊस म्हणून आला आणि वाहून गेला, उरलेल्याचा चिखलासारखा ४ सेंटिमीटरचा थर झाला. त्याच्याकडे संध्याकाळी सातलाच पावसाचा बर्फ झाला. उंचीचा फरक १७० मीटर, आणि हवा वर जाताना किलोमीटरमागे सरासरी साडेसहा डिग्री थंड होते हे धरलं तर दोघांत फरक एक डिग्री आणि वर थोडासा. माझ्याकडे थर्मामीटर रात्रभर १.२ दाखवत होता, त्याच्याकडे शून्य. बस, एवढ्याने सगळं ठरलं. एवढं मोठं वादळ कुठून कसं येणार, किती पाणी आणणार हे चार दिवस आधी बरोबर सांगितलेलं होतं, आणि आपण मथळा केला त्या एका डिग्रीवर.

हिवाळ्याच्या ऐन मध्यात एका डिग्रीने काही बिघडत नाही, उणे सातचं उणे सहा झालं तरी बर्फ तो बर्फच. मार्च-एप्रिलमध्ये मात्र सगळा खेळ शून्याच्या आजूबाजूला चालतो. त्यात अजून एक भानगड अशी की जोराचा बर्फ स्वतःची थंडी स्वतः घेऊन येतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, त्या तो आजूबाजूच्या हवेतून घेतो, म्हणजे वरून दणादण बर्फ येत असेल तर तो खालची ऊबदार हवा वितळता वितळता थंड करत करत शेवटी जमिनीपर्यंत न वितळता पोचतो, आणि जिथे नुसती भुरभुर आहे तिथे ही थंडी पुरत नाही म्हणून पाऊसच पडत राहतो. आता हे जोराचे पट्टे, ज्यांना आम्ही बँड म्हणतो, काही किलोमीटरपासून काही दहा किलोमीटर रुंद असतात. पट्ट्याच्या आत तासाला तीन-चार सेंटिमीटर आणि पट्ट्याच्या शेजारी, जिथे हवा खाली बसते, तिथे काहीच नाही. पट्टा येणार हे आदल्या दिवशी सांगता येतं, तो कोणत्या गल्लीवर बसणार ते नाही.

आणि सूर्य विसरू नका. उत्तर गोलार्धात मार्चअखेरचा सूर्य सप्टेंबरच्या मध्यातल्या सूर्याएवढाच वर असतो, ढगांआडूनसुद्धा तो रस्ता तापवतो. म्हणून भर दुपारी चार तास बर्फ पडूनही डांबर नुसतं ओलं आणि शेजारच्या गवतावर पांढरी गादी, हे दृश्य कुणीही बघितलं असेल. आपल्या भाषेत यासाठी दोन चांगले शब्द आहेत, पडला आणि साचला. बातमीत 'पडला' लिहिलं होतं आणि आकडा होता साचल्याचा. फरक छोटा वाटतो पण सगळा गोंधळ तिथेच आहे.

हा विषमपणा काही आमच्या टेकडीची खासियत नाही. मार्च २००३ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोत असंच उशिराचं वादळ झालं, डेन्व्हरमध्ये ३१.८ इंच, म्हणजे ८१ सेंटिमीटर, आणि जवळच्याच डोंगरात रोलिन्सव्हिलला ८७.५ इंच, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास. वारा डोंगराला धडकून वर चढतो, चढता चढता थंड होतो, आणि सगळं तिथेच ओततो. बोस्टनचं १९९७ चं उदाहरण तर आम्हा लोकांत दंतकथेसारखं सांगतात, ३० मार्चला ईस्टरचा छान ऊबदार रविवार, आणि ३१ मार्च ते १ एप्रिल मिळून शहरात २५.४ इंच. एप्रिल फूलच्या दिवशी! तिथून आत, उंचावर असलेल्या वूस्टरमध्ये त्याच वादळात ३३ इंच. म्हणजे फुटांनी पडतो तेव्हासुद्धा सगळीकडे सारखा पडत नाही.

अंदाज खरोखर चुकतात हेही मान्य करायला हवं, नाहीतर मी वकीलपत्र घेतल्यासारखं वाटेल. १४ मार्च २०१७ ला न्यूयॉर्क शहरासाठी फूट-दीड फूट, काही ठिकाणी त्याहून जास्त असं सांगितलं होतं, सेंट्रल पार्कात आला ७.६ इंच. वरच्या थरात ऊबदार हवा घुसली आणि बर्फाऐवजी स्लीट, म्हणजे ते टणक दाणे, पडायला लागले, ते काही बर्फासारखे फुगून साचत नाहीत. पण त्याच राज्यात आत बिंगहॅम्टनला ३० इंचांच्या वर गेला. आणि नंतर बाहेर आलं की शहराचा आकडा कमी होणार हे आदल्या संध्याकाळी तिथल्या हवामान खात्याच्या लक्षात आलं होतं, पण लोक बेफिकीर होतील या भीतीने त्यांनी इशारा तसाच ठेवला. माझ्या मते हे चुकलंच. लोकांना खरं सांगा, की स्लीट येऊ शकतं आणि आकडा निम्मा होऊ शकतो, लोक इतकेही खुळे नसतात. पण खात्याला ही भीती वाटली ती कशामुळे, तर आकडा बदलला की दुसऱ्या दिवशी मथळा काय येणार हे त्यांना माहीत असतं म्हणून. त्यात थोडा वाटा आपल्यासारख्या वर्तमानपत्रांचाही आहे, रागावू नका.

मोजण्याबद्दलही दोन शब्द, कारण आकडे मागवायचे तर ते कसे आलेत ते विचारायला हवं. नीट पद्धत अशी की पांढरा रंग दिलेली एक फळी मोकळ्या जागी, भिंतीपासून आणि झाडांपासून लांब ठेवायची, तिच्यावरचा ताजा बर्फ मोजायचा आणि फळी साफ करायची, पण सहा तासांतून एकदाच, त्याहून जास्त वेळा नाही. मी पहिल्या वर्षी उत्साहात दर तासाला मोजून दर तासाला फळी पुसली, बेरीज आली ९. शेजारच्याने सकाळी एकदाच मोजला, ६. मी सगळ्यांना ९ सांगत सुटलो होतो. बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो, दर तासाला पुसलं की त्याला दबायला वेळच मिळत नाही आणि आकडा फुगतो. टेकडीवरच्या मित्राने तेव्हा विचारलं होतं, तू बर्फ मोजतोयस की हौस? अजून लागतं ते. गाडीच्या टपावरचा, कुंपणाला वाऱ्याने रचलेला, छपरावरून घसरलेला, हे सगळे फोटोला झकास पण मोजायला बाद.

एवढं सगळं करून सामान्य माणसाच्या नोंदीला किंमत काय असं कुणी विचारेल, तर जुलै १९९७ चा फोर्ट कॉलिन्सचा पूर बघा, तोही कोलोरॅडोतलाच. तिथे गावाच्या पश्चिम भागात साधारण ३१ तासांत १४ इंचांच्या वर पाऊस झाला आणि त्याच गावाच्या पूर्वेला दोन इंचांच्या आत, पुरात पाच जण गेले. एखाद-दुसऱ्या सरकारी केंद्राच्या आकड्यावरून हे कळणंच शक्य नव्हतं, मग लोकांच्या परसातले डबे-बादल्या शोधून कुठे किती पडला ते जुळवावं लागलं. त्यातूनच कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या नोलन डोएस्कन यांनी १९९८ मध्ये कोकोराझ नावाचं नेटवर्क सुरू केलं, चार इंच व्यासाचा साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक आणि रोज ठरल्या वेळेला नोंद करणारी साधी माणसं. पाऊस, गारा, बर्फ, सगळं. आज त्यात हजारो लोक आहेत आणि त्यांचे आकडे हवामान खातंही वापरतं.

तर माझं मागणं फार नाही. पुढच्या वेळी अंदाज छापताना दोन्ही टोकं छापा आणि कोणतं टोक कुठल्या उंचीसाठी आहे ते छापा, एक ओळ जास्त जाईल. वादळानंतर विमानतळाचा एक आकडा आला की लगेच निकाल लावू नका, विमानतळ बऱ्याचदा सपाट, सखल जागी असतात, तिथला आकडा टेकडीवरच्या माणसाच्या काही कामाचा नसतो. आठ-दहा ठिकाणचे आकडे घ्या, सोबत उंची आणि मोजल्याची वेळ द्या. आम्ही द्यायला तयारच आहोत, उलट कुणी विचारत नाही हेच आमचं दुःख आहे. आणि 'फसला' हा शब्द वापरायचाच असेल तर खुशाल वापरा, पण आधी मूळ अंदाज शेवटच्या ओळीपर्यंत वाचून.

आपला,
एक हवामानवेडा वाचक

ता.क. पत्र पाठवण्याआधी टेकडीवरच्या मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणतो १९ नाही, १८.५ लिही, फळीच्या एका कोपऱ्यात १८ होता आणि दुसऱ्यात १९. मी म्हटलं तू मोजलास तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, तोवर अर्धा सेंटिमीटर दबला असणार. तो म्हणाला, असणार हा आकडा नव्हे. तेव्हा वर जिथे जिथे १९ लिहिलंय तिथे कृपया १८.५ वाचावे.