आई, ती पांढरी डबी माझ्यासाठी बाजूला ठेव

ती. आई आणि ती. बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुझ्या चेहऱ्याच्या क्रीमचा विषय काढला, पण आई, तू लगेच फोन बाबांकडे दिलास. म्हणून पत्र लिहितोय. दोघांनी मिळून वाचा.

दिवाळीत तू देवापुढे निरांजन लावत होतीस, तेव्हा उजेड तुझ्या गालावर पडला. वांग फिकट झाला होता खरा, पण त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि तिच्यातून बारीक लाल शिरा दिसत होत्या. असे चेहरे मी मेडिकलवर रोज बघतो. बायका चुरगळलेली रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवतात आणि "हीच द्या" म्हणतात. डॉक्टरची चिठ्ठी मागितली की दुसऱ्या दुकानात जातात. त्या बायकांत माझी आई असेल, हे मला कधी सुचलंच नाही.

तू वर्षभर लावलीस त्या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. डॉक्टर ही ट्यूब वांगावर काही आठवड्यांपुरती देतात आणि चेहऱ्यावर लक्ष ठेवतात. महिनोन् महिने लावली की त्वचा पातळ होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते, आणि लावायची थांबवली की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. तुझं नेमकं हेच झालं. 2018 साली सरकारने अंगावर लावायची 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात. तुला कुणी अडवलं नाही, यात तुझी चूक नाही.

पण खरी धास्ती मला त्या डबीची आहे. ट्यूब बंद केल्यावर आग होते म्हणून पार्लरमधून आणलेली क्रीमची ती पांढरी डबी. मी ती उलटसुलट करून पाहिली. बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही. आणि तू सहज म्हणालीस, "लावताना बांगड्या काढून ठेवायला सांगितलंय." आई, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. पारा सोन्याला धरतो, कुठल्याही सोनाराला विचार. आत पारा आहे असं तपासल्याशिवाय मी म्हणणार नाही, पण आठ दिवसांत रंग उजळवणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये पहिला संशय त्याचाच येतो. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून फरक झटकन दिसतो. मग तो अंगात मुरतो आणि मूत्रपिंडावर जातो.

केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे 22 रुग्ण पाहिले. त्यातल्या 15 जणांत त्या आजाराचा एक खास प्रकार निघाला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. लघवीतून प्रथिनं जातात, लघवीला फेस येतो, पाय सुजतात. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडच्या 2020 च्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनात चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही. (त्या नियमांत डोळ्यांच्या प्रसाधनांना वेगळी मर्यादा आहे.)

तुझ्या मैत्रिणी क्रीम-शांपूतल्या पॅराबेन नि सल्फेट या रसायनांच्या नावाने घाबरवतात, ते सध्या सोडून दे. मला पारा आणि स्टेरॉइड यांची भीती वाटते.

बाबा, आता तुमचं. कलप लावल्यावर दुसऱ्या दिवशी कानामागे खाज येते, पापण्या जड होतात, आणि तुम्ही म्हणता उष्णता झाली. ती उष्णता नव्हे. पाकिटावर 'काळी मेंदी' लिहिलंय, पण खरी मेंदी केस काळे करत नाही, तांबूस करते. काळा रंग बहुधा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो. एकदा त्याची ॲलर्जी जडली की जात नाही, आणि पुढच्या वेळी सूज जास्त येऊ शकते. तुम्हाला पांढरे केस शोभतात, हे मी मनापासून सांगतो.

आई, डबी आजपासून लावू नकोस. मोरीत धुऊ नकोस, पिशवीत घट्ट बांधून वर ठेव, मला डॉक्टरांना दाखवायची आहे. उशीचे अभ्रे आणि तोंड पुसायचा टॉवेल बदल. छोटी तुझ्या कुशीत झोपते आणि गालाला गाल लावते, पारा तिच्यापर्यंतही जातो. ट्यूब मात्र पुन्हा सुरू करू नकोस, कितीही आग झाली तरी. तोवर साध्या पाण्याने तोंड धू आणि उन्हात जाताना पदर पुढे ओढून घे, वांगाला ऊन सोसत नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. त्वचेच्या डॉक्टरांची दुपारची वेळ घेतली आहे. त्याआधी लॅबमध्ये लघवीची तपासणी करू. बाबा, तुम्हीही चला, कलपाचं पाकीट बरोबर घ्या.

तुमचा,
बाळू