दुचाकीस्वाराला हेल्मेट, चारचाकीवाल्याच्या हातात फोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेली बावीस वर्षे मी फुलेवाडीहून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारसायकलने ये-जा करतो. एवढ्या काळात रस्त्यावरचे खड्डे मला पाठ झाले. पण पुढच्या मोटारीतला माणूस पुढच्या क्षणी काय करील, याचा अंदाज मात्र दिवसेंदिवस बांधता येईनासा झाला आहे, आणि त्याचे मुख्य कारण त्याच्या हातातला मोबाईल आहे.

गेल्या महिन्यात राजारामपुरीत कडेला थांबलेल्या एका मोटारीचे दार अचानक उघडले आणि माझ्या डाव्या हँडलला बसले. वेग कमी होता म्हणून मनगट मुरगळण्यावर आणि क्लचची दांडी वाकण्यावर निभावले. उतरलेल्या गृहस्थांच्या कानाला फोन तसाच होता. "थांब जरा, एक गाडीवाला पडलाय," असे त्यांनी पलीकडच्याला सांगितले आणि मग मला म्हणाले, "बघून चालवा की ओ!" हेच दार त्यांनी डाव्या हाताने उघडले असते, तर अंग आपोआप उजवीकडे वळून नजर आरशावर आणि मागच्या रस्त्यावर गेली असती. एवढी साधी सवय ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्याच दिवशी लावायला काय हरकत आहे?

दुचाकीस्वार आपल्या परीने सांभाळतच असतो. उभ्या मोटारीजवळून जाताना आत डोके दिसते का, पुढचे चाक वळलेले आहे का, हे मी पाहतो. सिग्नल सुटल्यावरही पुढची मोटार हलली नाही, तर चालक मान खाली घालून बसला आहे हे ओळखून तिच्यापासून अंतर ठेवतो. मोटारीच्या पुढच्या काचेच्या कडेला असलेल्या खांबाआड अख्खी मोटारसायकल लपू शकते, त्यामुळे सावध चालकाचीही कधी चूक होईल, हे मला मान्य आहे. परंतु ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. दोन सेकंद मेसेज वाचणारा माणूस २२ मीटर रस्ता न बघताच पार करतो, आणि सायबर चौकासारख्या ठिकाणी तेवढ्या अंतरात कोण कुठून आडवा येईल याचा नेम नसतो. (हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलत जाणारे आमच्यातलेही महाभाग आहेतच, त्यांची बाजू मी घेत नाही.)

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. हेल्मेट आवश्यकच आहे, मी ते रोज घालतो. पण ते धडकेनंतर उपयोगी पडते, धडक टाळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालवताना हातात फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालवणे मानले गेले असून, पहिल्या गुन्ह्यास १ ते ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही चौकात तपासणी लागली की शिट्टी वाजते ती आमच्यासाठीच, आणि काळ्या काचेआड फोनवर बोलणारे शेजारून निघून जातात.

वाहतूक पोलिसांना माझी विनंती आहे की, हेल्मेट तपासणीप्रमाणेच फोन वापरणाऱ्या चारचाकी चालकांसाठी स्वतंत्र मोहीम घ्यावी आणि तिची सुरुवात कारखाने सुटण्याच्या वेळी, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या काळात, उजळाईवाडी ते सायबर चौक या रस्त्यावर करावी. हंगाम सुरू झाला की याच वेळेला उसाच्या जोडट्रॉल्याही रस्त्यावर येतात आणि त्यांतल्या कित्येकींच्या मागे रिफ्लेक्टरही नसतो, तेव्हा ही मोहीम त्याआधी सुरू झालेली बरी.

आपला,
एक दुचाकीस्वार, फुलेवाडी, कोल्हापूर