केमोनंतरचा ताप रांगेत थांबवू नका

महोदय,

लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा रुग्ण रुग्णालयात दगावला की ‘गाठी पसरल्या होत्या’ एवढेच आपण म्हणतो. साठीपुढचे वय, रक्तात वाढलेले एलडीएच (पेशींची मोडतोड झाली की वाढणारे विकर), खालावलेले अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन), मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे जुने दुखणे यांमुळे धोका वाढतो हे खरेच. परंतु यांपैकी बऱ्याच गोष्टी दाखल होण्याआधीच ठरलेल्या असतात. जंतुसंसर्गाचे तसे नाही. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि न्यूट्रोफिल, म्हणजे त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, दर मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली असताना ताप आला तर रुग्ण पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी, रात्री साडेअकराला, माझ्या वडिलांना हुडहुडी भरून १०१.४ ताप चढला. उपचार मुंबईत परळला चालू असले, तरी त्या अवेळी ठाण्यातल्या नौपाड्यातून तिथे नेणे शक्य नव्हते, म्हणून जवळच्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेलो. डेंगी-मलेरियाचे दिवस असल्याने त्यांना खोकणाऱ्या रुग्णांच्या बाकावरच बसवले गेले. केमोची फाइल माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतच राहिली आणि ती कोणी मागितली नाही. रक्ताचा अहवाल आला तेव्हा अडीच तास उलटले होते आणि न्यूट्रोफिल ३०० होते. बाबा अकरा दिवस अतिदक्षता विभागात राहून घरी आले. तिथल्या तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. एका वेळी वीस रुग्ण पाहणाऱ्याला हे विचारण्याची आठवण करून देणारी व्यवस्थाच तिथे नव्हती.

उपचार परळला किंवा खारघरला, आणि ताप मात्र रात्री घरी, हे ठाणे, कळवा, ऐरोलीतल्या असंख्य कुटुंबांचे वास्तव आहे. म्हणून ठाणे व नवी मुंबई महापालिकांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपल्या आणि खासगी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीच्या दारातच ‘केमो चालू आहे का?’ हा पहिला प्रश्न ठरवून द्यावा, आणि उत्तर ‘हो’ असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू व्हावेत. केमोची तारीख, औषधांची नावे आणि उपचार करणाऱ्या विभागाचा रात्रीचा फोन क्रमांक लिहिलेले कार्ड प्रत्येक रुग्णाला मिळावे. नातेवाइकांनीही घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नये. ताप उतरलेला दिसतो, संसर्ग मात्र वाढतच असतो.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)